परमुलखातलं आयुर्मान

नमस्कार, श्रोतेहो.

घरदार सोडून परमुलखात गेलेला माणूस पडेल ते काम करतो, दुखणं अंगावर काढतो. तो तिथल्या लोकांपेक्षा कमी जगत असणार, असंच आपण धरून चालतो. अमेरिकेत उलट दिसतं. २०१७ साली तिथे परदेशात जन्मलेल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ८१ वर्षांच्या पुढे होतं, अमेरिकेतच जन्मलेल्यांचं ७४च्या आसपास. बायकांमध्येही फरक सहा वर्षांचा.

याचं पहिलं कारण आपल्या कोकणात घरोघरी ठाऊक आहे. आखाताचा व्हिसा हवा तर आधी मेडिकल! छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. जुन्या टीबीचा डाग दिसला की कागदावर ‘अनफिट’, आणि एजंटकडे धावाधाव सुरू. जो जातो तो मुळात धडधाकट. सक्ती नसेल तिथेही आजारी माणूस एवढ्या लांबच्या प्रवासाला सहसा निघतच नाही.

दुसरं कारण सिगारेट. मेक्सिकोतून आलेले लोक गोऱ्या अमेरिकनांपेक्षा बरीच कमी ओढतात, आणि पन्नाशीनंतरच्या फरकाचा मोठा वाटा त्यातच आहे.

काही अभ्यासकांना शंका आली, की थकलेले लोक मरायला गावी परततात, म्हणून अमेरिकेच्या नोंदीत ते मृत्यू येतच नाहीत. पण क्यूबातून आलेल्यांना परतीची वाटच बंद होती, तरी त्यांचाही मृत्युदर कमीच निघाला. म्हणजे शंका खरी असली तरी तेवढ्याने कोडं सुटत नाही.

ही पुंजी टिकते मात्र किती? लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक २०१९ साली गोऱ्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगत होते. कोविडच्या पहिल्याच वर्षात ही आघाडी जेमतेम अर्ध्या वर्षावर आली. मांसाच्या कारखान्यांत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, घरी दाटीवाटीने राहायचं, आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी गेली. घरी बसण्याची सोय त्यांच्यातल्या फार थोड्यांना होती.

मला ही गोष्ट अन्यायाची वाटते. निरोगी शरीर घडवतं गाव, त्याची तरणी वर्षं वापरतो दुसराच देश, आणि कामाने खंगून माणूस परतला की औषधपाण्याचा भार पुन्हा घरच्यांवर. जाताना जशी सक्तीने छाती तपासतात, तशी परततानाही तपासावी, आणि निघालेल्या दुखण्याचा खर्च त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या मालकाने द्यावा, ही अट नोकरीच्या करारातच असली पाहिजे.