थँक्सगिव्हिंग: आभार नेमके कोणाचे?

नमस्कार मंडळी!

ऑफिसातल्या कुणीतरी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आभाराच्या सणाला, घरी जेवायला बोलावलंय. काय न्यायचं, काय बोलायचं, तो भाजलेला टर्की पक्षी खावाच लागतो का? नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत नव्याने आलेल्यांचे हे प्रश्न सुरू होतात. उत्तरं देतो, पण शेवटी. आधी सणाबद्दल बोलू. मी बॉस्टनजवळ राहतो. हा सण जिथे जन्मला असं सांगतात ते प्लिमथ गाव गाडीने तासाभरावर. तरीही सुरुवातीची बरीच वर्षं माझ्या लेखी हा दिवस म्हणजे लांब वीकेंड आणि शुक्रवारचा सेल.

इथे शाळेत लहान मुलं हाताचा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती रेघ ओढतात आणि त्याची टर्की करतात. सोबत एक गोड गोष्ट शिकतात: 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडचे लोक आले, इथल्या लोकांनी त्यांना मका लावायला शिकवलं, पीक आलं, सगळे एकत्र जेवले.

यात खोटं फारसं नाही. सोडलेलं मात्र पुष्कळ आहे.

(स्क्रीनवर: मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याचा नकाशा)

जहाजात 102 प्रवासी होते. पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे मेले. उरलेल्यांना ज्याने मका शिकवला, त्याचं नाव टिस्क्वांटम. तो इंग्रजीत बोलायचा. कसा काय? 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला आणि त्याच्या गावच्या लोकांना पकडून स्पेनमध्ये मालागाला विकायला नेलं होतं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला आणि 1619 मध्ये घरी परतला. घरी म्हणजे पटुक्सेट नावाच्या गावी. तर गाव रिकामं. मधल्या काळात साथ आली होती आणि त्याची माणसं संपली होती. मेफ्लॉवरवाल्यांनी आपली वसाहत बांधली ती याच ओस गावाच्या जागेवर. म्हणजे ज्या जमिनीत त्याने पाहुण्यांना मका लावून दाखवला, ती त्याच्याच गावाची होती.

हे वाचल्यावर पंजाची टर्की बघायची माझी नजर बदलली, एवढं खरं.

1621 च्या त्या जेवणाबद्दल एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याचं एक पत्र आहे, त्यात मोजून काही ओळी. वाम्पनोआग या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. आमंत्रण दिल्याचा उल्लेख पत्रात नाही. यजमान पन्नासच्या आसपास, पाहुणे नव्वद, आणि मटण पाहुण्यांनीच आणलेलं! आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघराला ही परिस्थिती समजेल. टर्कीचं नाव त्या पत्रातल्या जेवणात नाही, नुसते 'पक्षी' आहेत.

पुढची गोष्ट शाळेच्या भिंतीवर लागत नाही. मॅसासोइटचा मुलगा मेटाकॉम 1675 मध्ये याच वसाहतींविरुद्ध लढायला उभा राहिला. पुढच्या वर्षी तो मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं गेलं. एकाच पिढीचं अंतर.

प्लिमथला गेलात तर मेफ्लॉवरवाले जिथे उतरले असं सांगतात तो प्रसिद्ध खडक बघाल. वर 1620 कोरलंय, भोवती मोठं दगडी छत्र, आणि आत अगदीच लहानसा धोंडा. त्याच्या समोरच्या कोल्स हिल टेकडीवर चढा. तिथे मॅसासोइटचा पुतळा आहे. 1970 मध्ये वसाहतीच्या साडेतीनशेव्या वर्षानिमित्त वामसुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पनोआग माणसाला भाषणाला बोलावलं होतं. त्याने लिहिलेलं भाषण आयोजकांना पचलं नाही. बदलून दिलेलं वाचायला त्याने नकार दिला. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी आणि त्यांचे सोबती या टेकडीवर जमतात आणि राष्ट्रीय शोकदिन पाळतात.

मग हा सण साजरा करायचा की नाही? मी करतो. का, ते सांगतो, पण त्यासाठी 1863 ला जावं लागेल.

देशभर दरवर्षी एकाच दिवशी थँक्सगिव्हिंग, हे लिंकनपासून. त्यामागे सारा जोसेफा हेल नावाच्या संपादक बाई होत्या. राष्ट्राध्यक्षांना, गव्हर्नरांना वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिल्या. चिकाटी म्हणावी तर अशी. लिंकनने जाहीरनामा काढला तो 3 ऑक्टोबर 1863 ला. यादवी युद्ध ऐन भरात, गेटिसबर्गची लढाई होऊन तीनच महिने झालेले. त्या जाहीरनाम्यात पिकापाण्याबद्दल आभार आहेतच, पण युद्धातल्या विधवा, अनाथ, शोकात बुडालेल्यांसाठी प्रार्थनाही आहे. म्हणजे शोक या दिवसाला बाहेरून चिकटवलेला नाही. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला 1941 मध्ये, त्यामागे ख्रिसमसच्या खरेदीचं राजकारण होतं, ते सोडून देऊ.

आता तारीख लक्षात ठेवा: 3 ऑक्टोबर. बरोबर 102 वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1965 ला, अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. निव्वळ योगायोग, पण माझ्या फार कामाचा. कारण त्याआधी भारताचा कोटा किती होता? 1946 च्या कायद्याने वर्षाला 100 माणसं. अख्ख्या देशातून शंभर! 1965 नंतर राष्ट्र-वंश बघून लावलेले कोटे गेले आणि आपले डॉक्टर, इंजिनीअर येऊ लागले. न्यू जर्सीच्या एडिसनमधलं किराणा दुकान, महाराष्ट्र मंडळाचा गणपती, सगळं त्यानंतर वाढलेलं.

आणि हा कायदा आभाळातून पडला नाही. 1964 चा नागरी हक्क कायदा, ऑगस्ट 1965 चा मतदान हक्क कायदा, त्यानंतर दोन महिन्यांत हा. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी रस्त्यावर मार खाऊन, तुरुंगात जाऊन वंशभेदाच्या कायद्यांना जे खिंडार पाडलं, त्यातून आपण आत आलो. "आम्ही आपल्या हुशारीवर आलो" असं कुणी पार्टीत म्हणालं की मी आताशा गप्प बसत नाही. हुशारी 1950 मध्येही होती हो. दार बंद होतं.

म्हणून टेबलावर एकेक जण "मी कशाबद्दल ऋणी आहे" हे सांगायला लागतो तेव्हा माझ्याकडे आता सांगायला काहीतरी असतं. आधी फार अवघडायचं. आपल्याकडे बैलाला पोळ्याला पुरणपोळी मिळते, खंडेनवमीला लेथ मशीनला झेंडूची माळ मिळते, पण आईला तोंडावर आभार म्हणालात तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने युक्ती काढली. तिची बोलायची वेळ आल्यावर एवढंच म्हणाली, "अन्नदाता सुखी भव," आणि माझ्याकडे बघून खूण केली, पुढचं तू सांग.

आता तुमचे प्रश्न.

जेवण बहुधा दुपारी दोन-चारच्या सुमारास असतं, रात्री नाही. काय आणू, असं आधी सरळ विचारा. मी लाल भोपळ्याचे घारगे नेतो. नाहीतर क्रॅनबेरीचा मेथांबा. क्रॅनबेरी कैरीइतकीच आंबट, गूळ-मेथीला छान धरते, आणि त्या सपक टर्कीला फोडणीची फार गरज असते. (हे यजमानांसमोर बोलू नका.)

शाकाहारी मंडळींनी काही गोष्टींकडे लक्ष द्यावं. स्टफिंग, म्हणजे पावाचं सारण, पक्ष्याच्या पोटात भाजलंय का, किंवा त्यात टर्कीचं पाणी आहे का. ग्रेव्ही तर त्याच्याच रसाची असते. आणि रताळ्यावर पांढरे मार्शमॅलो असतील तर त्यात जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात. पंपकिन पायमध्ये बहुधा अंडं असतं.

आणि घरीच टर्की करणार असाल तर ती रविवारी फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. दर चार-पाच पौंडांना वितळायला एक दिवस लागतो. गुरुवारी सकाळी दगडासारखी टर्की समोर ठेवून मला मेसेज केलात, तर मी फक्त पिझ्झाचं दुकान सुचवू शकेन, आणि तेही बहुतेक बंद असेल.

मेथांब्याचं प्रमाण खाली लिहून ठेवलंय. भेटू पुढच्या व्हिडिओत.