शिलाई मशीनमधला गाळ

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात बडोद्यातला पाऊस ओसरला, तरी विश्वामित्री उतरायचे नाव घेत नव्हती. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधोमध वळणे घेत वाहते आणि सयाजीराव महाराजांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आजवा सरोवर तुडुंब भरले, की तिथले पाणीही याच पात्रात येते. धोक्याची पातळी २५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेले. रस्त्यावर आलेल्या मगरी सर्वांनी पाहिल्या. नदीकाठच्या वस्त्यांकडे कॅमेरे त्या मानाने कमीच वळले.

अशाच एका वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ताई दांडिया बाजारातल्या मराठी घरांची पोलकी शिवतात. पाणी गेल्यावर खोलीत घोटाभर गाळ उरला होता. मशीनची फळी फुगल्यामुळे खण उघडत नव्हता आणि शटलमध्ये चिखल घट्ट बसला होता. मुलांच्या अंगावर उठलेली खाज पाहता गाळ तातडीने काढायला हवा होता. पण पंचनामा होण्याआधी तो काढला, तर नुकसान झाले हे दाखवायचे कशावरून, अशी भीती शेजाऱ्यांनी घातली. अखेर ताईंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवले आणि फावडे हातात घेतले.

राज्य सरकारने छोट्या व्यावसायिकांसाठी रोख मदत जाहीर केली: लारीवाल्यांना, म्हणजे हातगाडीवाल्यांना, ५,००० रुपये, लहान केबिन, म्हणजे टपरी, असणाऱ्यांना २०,०००. घरात बसून शिवणाऱ्या बाईकडे मात्र लारी नसते आणि केबिनही नसते. कपडे आणि भांडी वाहून गेली, तर आपत्ती निवारण निधीच्या तेव्हाच्या निकषांत एका कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपयांची तरतूद होती. तेवढ्यात घरातली चूल पेटते, पण बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

लोकांनी हात आखडता घेतला नाही. पुरी-भाजीची पाकिटे, चादरी, जुने कपडे इतके आले, की काही गाठोडी सोडलीही गेली नाहीत. आमच्या मते त्या आठवड्यातली सर्वांत नेमकी मदत एका गणेश मंडळाची होती. गणपती ७ सप्टेंबरला बसायचे होते. मंडळाने सजावटीचा खर्च कमी करून एका कारागिराला वस्तीत आणून बसवले. त्याने मशीनचे भाग सुटे करून रॉकेलमध्ये धुतले, उन्हात वाळवले, तेल दिले आणि पायडल पुन्हा चालू लागले.

गौरीसाठी शिवायला आलेली सहा पोलक्यांची कापडे मात्र चिखलात गेली होती. दोघींनी नुकसान सोडून दिले आणि नवे कापड आणून दिले. उरलेल्या चौघींचे पैसे ताई शिलाईतून वळते करत आहेत. हिशेबाची वही भिजल्यामुळे ते आकडे त्यांनी भिंतीवर, पुराच्या डागाच्या वर, खडूने लिहून ठेवले आहेत.