खड्डा आला की आधी सांगा

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या सगळ्या मराठी घरांना, आणि बाहेरगावाहून जे कोणी ऐकताय त्यांनाही. आज एका सायकलबद्दल बोलायचंय. साधारण आठ फूट लांब, सीटा दोन, हँडल दोन, पेडल चार आणि चाकं मात्र दोनच. टँडेम म्हणतात तिला. आमच्याकडे आली तेव्हा कॉलनीतली सगळी पोरं गेटपाशी जमली होती, एक छोटा तर सारखा विचारत होता की काकू, दोघांनी दोन बाजूंना वळवलं तर?

तर वळत नाही बाळा, मागचं हँडल घट्ट बसवलेलं असतं, ते नुसतं धरायला. वळवणं, ब्रेक, गिअर, सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याने पाय मारायचे आणि विश्वास ठेवायचा.

ती घरात आली कशी ते सांगते. आम्ही दोघं गेली चार-पाच वर्षं रविवारी सकाळी सायकली काढायचो, ह्यांची वेगळी, माझी वेगळी. ह्यांचा स्पीड चांगला आहे, माझा नाही, तर व्हायचं काय की हे पुढे निघून जायचे, इथल्या इंदूरच्याच गांधीनगरला थांबून माझी वाट बघायचे, मी धापा टाकत पोचले की म्हणायचे आलीस, चल, आणि पुन्हा निघायचे, म्हणजे त्यांची विश्रांती झालेली आणि माझी व्हायचीच असायची. भांडण नव्हतं यात कुणाचंच. पण दोन तासांतला पाऊण तास मी एकटीच असायचे रस्त्यावर, आणि हे मला मनातून आवडत नव्हतं, सांगितलं मात्र कधी नाही. मग पुण्याच्या भाच्याने घर बदललं, नव्या फ्लॅटमध्ये एवढी लांब सायकल ठेवायला जागा नाही, मामा तुम्ही वापरा म्हणून ट्रान्सपोर्टने पाठवूनच दिली. दोघांचा जोर सारखा नसला तरी टँडेमवर बरोबरच पोचता येतं, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती.

टँडेमवाल्यांच्या भाषेत पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर. स्टोकर म्हणजे वाफेच्या इंजिनात भट्टीला कोळसा घालणारा माणूस. माझे आजोबा महूला रेल्वेत होते, तेव्हा हा शब्द मी लगेच आपला करून टाकला.

सुरुवातीचे तीन रविवार आम्ही सुपर कॉरिडॉरवर नुसतं निघणं आणि थांबणं केलं. रुंद रस्ता, सकाळी गर्दी नाही. आणि खरं सांगू का, या सायकलवर निघणं हेच अवघड, चालवणं सोपंय. आपल्याला सवय असते एक पाय पेडलवर, दुसऱ्याने जमीन ढकलायची आणि टांग टाकायची, ते इथे चालत नाही. आधी पुढच्याने फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून उभं राहायचं, चांगले पसरून, आणि दोन्ही ब्रेक गच्च दाबून धरायचे. मग मागच्याने चढायचं आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे, म्हणजे तुम्ही पूर्ण हवेत आणि तुमचं सगळं वजन त्या पुढच्याच्या दोन पायांवर. मग मागच्याने पेडल उलटं फिरवून पुढच्याला हवं तिथे आणून द्यायचं. दोघांची पेडलं डाव्या बाजूच्या एका वेगळ्या चेनने जोडलेली असतात, माझी फिरली की ह्यांची फिरणारच. पहिल्या दिवशी ह्यांनी पाय जवळ ठेवले होते, मी पेडल फिरवलं ते सरळ ह्यांच्या नडगीवर. हळद लावावी लागली. मग एक, दोन, तीन, निघा. बाराव्या-तेराव्या वेळेला आम्ही न डगमगता निघालो आणि मला रडूच आलं, का ते माहीत नाही.

चौथ्या रविवारी सायकलवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर निघालो. जानेवारीचा महिना, सकाळी सहा, बडा गणपतीला जमायचं होतं, धुकं इतकं की सगळ्यांचे मागचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. चौदा जण, आमच्याहून तरुण सगळे, हिंदी-मराठी मिळून, आम्हाला बघितल्याबरोबर एक जण ओरडला, अरे भिया, आज तो रेलगाड़ी आई है! जायचं होतं हातोदवरून गुलावटला, कमळं आहेत नं तिथे तळ्यात, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर.

सपाट रस्त्यावर टँडेम काय पळते म्हणून सांगू! कारण साधं आहे, ताकद दोघांची लागते आणि समोरची हवा कापायची ती जवळजवळ एकाच माणसाएवढी, मागचा तर पुढच्याच्या आडोशालाच असतो. त्यामुळे सुपर कॉरिडॉरवर ग्रुपच्या लीडर दादाने आम्हालाच पुढे घातलं, आणि बाकीचे आमच्या मागे आडोशाला लागले. पण पुलाचा चढ आला आणि सगळं उलटं झालं. चढावर दोन माणसं आणि वीसेक किलो लोखंड वर ओढायचं, सिंगल सायकलवाले उभे राहून जोर मारतात तसं दोघांनी एकदम उभं राहणं आम्हाला अजून जमत नाही, सगळे टकाटक पुढे गेले. उतार लागला की पुन्हा आमचं वजन आम्हाला खेचायला लागलं आणि आम्ही त्यांच्या अगदी पाठीवरच जाऊन आदळतो की काय असं झालं, ह्यांनी ब्रेक मारला, मी मागून ओरडले बाजूला व्हा बाजूला व्हा. कुणाला लागलं नाही. पण पुलाखाली थांबून दादाने सगळ्यांना सांगितलं की चढावर टँडेमला मागे राहू द्या, उतारावर तिला मोकळा रस्ता द्या, आणि आम्हाला सांगितलं की तुम्ही दोन सायकलींएवढं अंतर ठेवाच. हे आधी ठरवायला हवं होतं. कुणी पहिल्यांदा टँडेम घेऊन ग्रुपमध्ये जाणार असेल तर निघायच्या आधीच हे बोलून घ्या, मी कळकळीने सांगते.

आता मुख्य गोष्ट. गांधीनगर सोडल्यावर एका वस्तीतून जाताना रस्त्यात ब्रेकर होता, पट्टे नाहीत, काही नाही, डांबराचा नुसता उंचवटा. ह्यांना तो दिसला, ह्यांनी सवयीने सीटवरून स्वतःला जरा उचललं. मला काय दिसतं? मला ह्यांची पाठ दिसते. निळं जाकीट, त्याच्या कॉलरपाशी उसवलेली दीड इंच शिवण, आणि टोपीखालून आलेले पांढरे केस, बस. मी अशी घट्ट बसलेली, आणि ते मागचं चाक उडालं नं, कमरेपासून मानेपर्यंत कळ गेली माझ्या. अहो! एवढंच म्हणाले मी. ह्यांनी सायकल कडेला घेतली, उतरले, आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, अगं, मला वाटलं तुला कळलं असेल.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. हे फार कमी बोलतात, स्वभावच आहे, प्रेमळ आहेत पण बोलत नाहीत, मला कळलं असेल असंच धरून चालतात, आणि मीही एकतीस वर्षं अंदाजच बांधत आले की आता भूक लागली असेल, आता ऑफिसात काही झालं असेल. सायकलवर अंदाज चालत नाही हो. आमचं त्या रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीसमोर, पाच मिनिटांत ठरलं की काय काय बोलायचं. ब्रेकर. खड्डा डावा, खड्डा उजवा. गिअर, म्हणजे मी क्षणभर जोर कमी करायचा, नाहीतर चेन कडाकडा वाजते. सोड, म्हणजे पाय थांबवायचे. मार, म्हणजे पुन्हा सुरू. आणि थांबतोय. हे सगळं करायच्या आधी सांगायचं, केल्यावर नाही. आणि माझं काम काय, तर मागच्यांना हात दाखवणं, कारण ह्यांचे हात हँडलवरून सुटू शकत नाहीत, माझे सुटतात. खड्डा आला की मी खाली बोट दाखवायचं, वळायचं असलं की हात लांब करायचा.

त्यानंतर हातोदपर्यंत हे एकसारखे बोलत होते श्रोतेहो. एकसारखे. मी मागे बसून ऐकत होते.

हातोदच्या पुढे खट्ट आवाज झाला आणि माझे पाय एकदम हलके पडले, डावीकडची चेन उतरलेली. ही दोघांना जोडणारी चेन ढिली पडली की उतरते, आणि ती ताणायची म्हणजे पुढच्या पेडलांचा जो कणा असतो तो फ्रेममध्ये जरासा फिरवून पुढे सरकवायचा आणि स्क्रू आवळायचे. ज्या दुकानात आम्ही ती जुळवून घेतली होती तिथे ते स्क्रू नीट आवळलेले नव्हते. ग्रुपमधल्या एका मुलाकडे एलन की, म्हणजे षटकोनी स्क्रू आवळायची चावी, होती, त्याने दहा मिनिटांत केलं, आणि एक महत्त्वाचं सांगितलं, की चेन पुन्हा चढवताना दोघांची पेडलं एका रेषेत आहेत नं ते बघा, एक दात जरी मागेपुढे झाला तरी पायांना विचित्र वाटत राहतं. हात काळे झाले त्याचे, मी रुमाल दिला.

गुलावटच्या अलीकडे, गव्हाच्या शेतात, मला सारसांची जोडी दिसली. माणसाएवढे उंच, राखाडी, लाल मान. उडणाऱ्या पक्ष्यांमधला जगातला सगळ्यात उंच पक्षी आहे तो, आणि यशवंतसागरच्या आसपास अजून दिसतो. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला तलाव तो, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, इंदूरच्या सिरपूर तलावालाही त्याच वर्षी. ह्यांना मान वळवता येत नव्हती, समोर बैलगाडी होती. मग मी सांगत राहिले, आता एक जण वाकला, आता दुसऱ्याने पंख उघडले, आता दोघं चालायला लागले. हे म्हणाले, अजून सांग.

परतताना पोहे-जिलबी झाली, वरून सेव, जीरावन मसाला, ते तर व्हायचंच. तिथे ग्रुपमधला एक मुलगा जवळ येऊन बसला आणि जरा चाचरत म्हणाला, काकू, माझी बहीण कॉलेजात आहे, तिला दिसत नाही, लहानपणापासून तिला सायकलवर बसायचंय, ती मागे बसू शकेल का? मी ह्यांच्याकडे बघितलं. बसू शकेल म्हणजे काय, पॅरालिंपिकमध्ये दृष्टिहीन खेळाडूंच्या शर्यती टँडेमवरच होतात, पुढे डोळस पायलट आणि मागे खेळाडू, आणि दोघांनाही मेडल मिळतं. ऑलिंपिकमधली टँडेमची शर्यत १९७२ नंतर बंद झाली, पण पॅरालिंपिकमध्ये टँडेम अजून चालू आहे. आणि मला तरी कुठे पुढचं दिसतं?

येत्या रविवारी तिला सुपर कॉरिडॉरवर घेऊन जाणार आहोत. त्यासाठी काल सकाळी आम्ही दोघंच गेलो आणि मी एक किलोमीटर डोळे गच्च मिटून बसले, म्हणजे ह्यांना कळावं काय काय सांगावं लागतं. ब्रेकर सांगितले, खड्डे सांगितले, गिअर सांगितला. दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे वळण, सायकल कलली आणि मी घाबरून हँडल आवळलं. आणि दुसरी, एक मोठा ट्रक शेजारून गेला, नुसता आवाज आणि वारा, तो येतोय हे आधी सांगायला हवं होतं. ह्यांनी घरी आल्यावर दोन्ही कागदावर लिहून काढलं, आज संध्याकाळी परत जातोय आम्ही, रविवारपर्यंत तेवढं बसवायचंय. नमस्कार.