रविवारचं नाटक, गुरुवारची फिल्म

१२ डिसेंबर १९५४. रविवार.

डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे दुपारची जेवणं उरकून भांडी होईपर्यंत बाहेर दिवेलागण झालेली असते. गल्लीत काही घरांच्या धुराड्याला 'एच' अक्षराच्या आकाराचा अँटेना बांधलेला दिसतो. तो दिसला की समजायचं, या घरात टीव्ही आलाय. आणि टीव्ही आलाय म्हटल्यावर रविवारी शेजारपाजारचे पण येऊन बसणार हे आलंच.

सेट कसला, छोटं कपाटच ते. काच मात्र नऊ नाहीतर बारा इंच. काही लोक काचेपुढे मोठं भिंग लावायचे, बरोब्बर समोर बसलेल्याला चित्र मोठं दिसायचं आणि कडेला बसलेल्याला सगळं वाकडं. बटण फिरवलं की लगेच काही येत नाही, आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापायला लागतात, आधी आवाज येतो, मग हळूहळू करडं निळसर चित्र वर येतं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून एखादी मोटार गेली की तिच्या इंजिनातल्या ठिणग्यांमुळे पडद्यावर पांढरे ठिपके नाचायला लागतात.

चॅनेल एकच. बीबीसी.

ही सर्व्हिस सुरू झाली २ नोव्हेंबर १९३६ ला, उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून, आणि सुरवातीला रविवारी टीव्ही नव्हताच. रविवार देवाचा, ही समजूत पक्की होती. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांनी रेडिओवरचा रविवार पण इतका गंभीर ठेवला होता की लोक कंटाळून रेडिओ लक्झेंबर्ग लावायचे, गाणी ऐकायला. टीव्हीवर रविवार आला १९३८ मधे. मग युद्ध. १ सप्टेंबर १९३९ ला टीव्ही बंद, तो थेट जून १९४६ मधे परत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रविवारी मुलांच्या कार्यक्रमात मफिन नावाचं लाकडी खेचर पहिल्यांदा दिसलं. ॲनेट मिल्स पियानो वाजवत गायच्या आणि दोऱ्यांवरचं मफिन पियानोवरच टापा आपटत नाचायचं. त्या वेळी अख्ख्या देशात टीव्हीची लायसन्स होती साधारण १५ हजार. १९५४ पर्यंत ती गेली ३२ लाखांच्या वर, मधे १९५३ चा राणीचा राज्याभिषेक झाला ना, त्यासाठी कित्येक घरांनी सेट घेतले.

पण सेट घेतला म्हणून रविवारभर बघता येत नव्हतं. टीव्ही किती तास चालणार ते पोस्टमास्टर जनरल ठरवायचे, म्हणजे पोस्ट खात्याचे मंत्री. पन्नासच्या दशकात रविवारी दुपारी दोन ते चार मुलांसाठी काही दाखवायचं नाही, कारण ती संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची वेळ. आणि संध्याकाळी चर्चच्या प्रार्थनेची वेळ झाली की टीव्ही बंद. नुसता बंद. आज हे ऐकून जाच वाटेल, मला मात्र त्या मधल्या रिकाम्या वेळाचं फार अप्रूप वाटतं. कोणी चर्चला जायचं, कोणी नाही जायचं, पण सेट थंड पडायचा आणि खोलीतली माणसं परत एकमेकांकडे वळायची.

चालू असताना पण मधेमधे खंड पडायचे. बरंचसं लाईव्ह असायचं, त्यामुळे पुढचा कार्यक्रम लावेपर्यंत किंवा काही बिघाड झाला तर इंटरल्यूड म्हणून छोट्या फिल्म लावायचे. त्यातली कुंभाराच्या चाकाची फिल्म सगळ्यात गाजली. नुसते दोन हात, ओले, फिरत्या मातीवर. माती वर चढते, मडक्याचा गळा तयार होतो, आता झालंच म्हणेपर्यंत अंगठा आत जातो आणि आकार परत बदलतो. मडकं शेवटपर्यंत पूर्ण होतच नाही, आणि लोक ते मन लावून बघायचे.

रात्री नाटक. रविवारी थिएटरं बंद असायची, त्यामुळे त्या रात्री नाटक बघायचं तर ते घरीच. या रविवारी होतं जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरचं 'नाइन्टीन एटी-फोर'. रूपांतर नायजेल नीलचं, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टियरचं, आणि नायक विन्स्टन स्मिथ झाला होता पीटर कुशिंग. लाइम ग्रोव्ह स्टुडिओत जवळपास दोन तास सगळं लाईव्ह. मधेमधे आधी शूट केलेली फिल्म लावायची, आणि तेवढ्या मिनिटांत नटांनी पळत जाऊन कपडे बदलायचे, पुढच्या सेटवर उभं राहायचं. वाद्यवृंद पण लाईव्ह वाजवत होता. चुकलं तर चुकलं, परत घ्यायची सोय नाही.

शेवटाकडे विन्स्टनच्या छळाचा प्रसंग, ती खोली, तो पिंजरा, ते उंदीर. घरातल्या दिवाणखान्यात असं काही कधी आलंच नव्हतं. तक्रारींचे फोन आले, पेपरात वाद पेटला, पार्लमेंटमधे खासदारांनी निषेधाचा ठराव मांडला, तर प्रिन्स फिलिप यांनी सांगितलं की राणीने आणि त्यांनी नाटक बघितलं आणि त्यांना आवडलं.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी रविवारचं नाटक गुरुवारी परत व्हायचं, आणि परत म्हणजे खरोखर परत, सगळे नट पुन्हा स्टुडिओत येऊन पहिल्यापासून करायचे. १६ डिसेंबरला एवढ्या गदारोळात पण बीबीसीने माघार घेतली नाही, नाट्यविभागाचे प्रमुख मायकेल बॅरी स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बोलले आणि मग नाटक सुरू झालं. तो प्रयोग पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून रेकॉर्ड केला गेला. आज जे आपल्याला बघायला मिळतं ते हे, गुरुवारचं.

रविवारचं कोणी रेकॉर्ड केलं नाही. कुशिंग त्या रात्री कुठे थांबला, कुठे त्याचा आवाज कापला, हे फक्त त्या काचांसमोर बसलेल्या लोकांनी बघितलं.

प्रक्षेपण संपताना राष्ट्रगीत वाजायचं. मग घरातलं कोणीतरी उठून बटण फिरवायचं, चित्र आकसत मधोमध एका पांढऱ्या ठिपक्याएवढं व्हायचं, आणि तो ठिपका विझेपर्यंत सगळे तिकडेच बघत बसायचे. सेट मात्र बराच वेळ गरम असायचा.