बोटात काटा रुतल्यावर दुखवतं कोण?

(उजव्या हाताचं बोट कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार. हे बोट बघा. परवा यात काटा रुतला. मी तो लगेच काढला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लाल, गरम, सुजलेलं आणि चांगलंच ठणकत होतं.

आता सांगा, हे कोणी केलं? मी ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी जंतूंचं नाव घेतलं. काट्याबरोबर जंतू आत गेले हे खरंच. पण लाली, उष्णता, सूज आणि ठणका या चारही गोष्टी बहुतांशी माझ्याच शरीराने केल्या आहेत. जंतू अजून धड रुजलेलेही नसतात, तेव्हाच हा खटाटोप सुरू होतो.

आज संसर्ग आणि ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं ते आजार, हे दोन्ही विषय मी एकाच व्हिडिओत घेतोय, त्याचं कारण हेच. दोन्हींत पेशी त्याच, रसायनं तीच. फरक एवढाच की एकात ती काट्याभोवती जमतात आणि दुसऱ्यात आपल्याच सांध्याभोवती.

काटा हे उदाहरण मी सहज घेतलेलं नाही. १८८२ साली सिसिलीतल्या मेस्सिना या बंदरात इल्या मेचनिकोव्ह नावाचे प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पिल्लांचा अभ्यास करत होते. ही पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. मेचनिकोव्हनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि एका पिल्लाच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. या पिल्लाला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे पेशी रक्ताबरोबर वाहत आल्या नव्हत्या, त्या स्वतः चालत आल्या होत्या. परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी शरीरात असतात, ही कल्पना तिथून पुढे आली. १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. एर्लिख यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

माझ्या बोटात काय झालं ते बघू. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम ठाण मांडून बसलेल्या असतात. जिवाणूच्या कवचातले काही तुकडे आपल्या शरीरात कुठेच बनत नाहीत, आणि नेमके तेच तुकडे या पेशींना ओळखता येतात. ओळख पटली की त्या रसायनं सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, ती सूज. मज्जातंतूंची टोकं हळवी होतात, तो ठणका. त्या सैल भिंतींतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. आपल्या हाडांमधला मगज दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवतो. त्या जेमतेम दिवसभर जगतात, जंतू गिळतात आणि मरतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी.

तापाचंही तसंच. ही रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचली की मेंदू शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकवतो. अंग ३७ अंशांवर असतं आणि मेंदूला हवे असतात ३९. म्हणून आधी हुडहुडी भरते, मग अंग तापतं.

इथवरचं काम ठोक स्वरूपाचं असतं. कुठलाही जंतू आला तरी साधारण असंच होतं. याच्या पुढची पायरी मात्र मला आजही थक्क करते.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे तुम्ही घरात ऐकलं असेल. जखम पायाला, मग गाठ जांघेत का सुजते? जखमेजवळच्या डेंड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून जवळच्या गाठीपर्यंत जातात, म्हणून. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये या पेशी ओळखल्या. गाठीत टी आणि बी या पांढऱ्या पेशींची दाटी असते. डेंड्रिटिक पेशी आपल्याकडचा तुकडा त्यांना दाखवत फिरते. लाखो पेशींमधल्या एखाद्-दुसरीला तो तुकडा नेमका जुळतो. मग ती पेशी दुप्पट होते, चौपट होते, काही दिवसांत तिच्या हजारो प्रती तयार होतात. अवधाण म्हणजे ही वाढलेली गर्दी. बी पेशी अँटिबॉडी, म्हणजे जंतूला नेमकी चिकटणारी प्रथिनं, सोडायला लागतात. नव्या जंतूसाठी या सगळ्याला आठवडा, दहा दिवस लागतात, आणि साधी आजारपणंही तेवढीच का चालतात याचं एक कारण हे आहे.

यातल्या काही पेशी पुढे वर्षानुवर्षं टिकतात. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. आधीची साथ १७८१ मधली. पीटर पानुम या तरुण डॉक्टरने नोंदवलं, की सुमारे ७,८०० वस्तीतल्या ६,००० हून जास्त लोकांना गोवर झाला. पण ६५ वर्षांपूर्वी लहानपणी ज्यांना तो होऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही.

(जरा थांबून)

आता अडचणीचा भाग. कधीही न पाहिलेल्या जंतूला जुळणारी पेशी आधीपासून तयार कशी असते?

याचं उत्तर सुसुमू टोनेगावा यांनी १९७० च्या दशकात शोधलं, त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. प्रत्येक बी पेशी तयार होताना आपल्या जनुकाचे तुकडे कापते आणि मनाला येईल तसे जोडते. टी पेशीही तसंच करते. प्रत्येकीच्या अंगावरचा ओळखणारा रेणू त्यामुळे वेगळा. समजा एक कारागीर आहे. पुढे कुठलं कुलूप येणार हे त्याला माहीत नाही, म्हणून तो अब्जावधी वेगवेगळ्या किल्ल्या कापून ठेवतो. उद्या कुठलंही कुलूप आलं तरी एखादी किल्ली लागेलच.

पण मग त्यातल्या काही किल्ल्या आपल्याच घराच्या कुलपाला लागणार की नाही? लागणारच. स्वतःच्या सांध्याला, स्वतःच्या स्वादुपिंडाला जुळणाऱ्या पेशी आपल्या प्रत्येकाच्या शरीरात बनतात. माझ्याही आणि तुमच्याही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एर्लिख यांनी लिहिलं होतं, की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणं टाळतं. त्यांच्या या म्हणण्याचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला, की असे आजार संभवतच नाहीत. १९०४ मध्येच डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी स्वतःच्या लाल पेशी फोडणारी अँटिबॉडी दाखवली होती. तरी ही कल्पना सर्वांना पटायला पुढची पन्नासेक वर्षं गेली.

घरच्या कुलपाला लागणाऱ्या किल्ल्या वेचून काढायचं काम छातीच्या मधल्या हाडामागे चालतं. तिथे थायमस नावाची ग्रंथी असते. ती बिनकामाची आहे असं मानलं जायचं. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा ते उंदीर संसर्गांना तोंडच देऊ शकेनात. टी पेशी थायमसमध्ये तयार होतात, आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. तिथल्या पेशी एआयआरई या जनुकाच्या मदतीने शरीरभरच्या प्रथिनांचे नमुने बनवतात. इन्सुलिन खरं तर स्वादुपिंडाचं, पण त्याचाही नमुना तिथे असतो. जी टी पेशी अशा नमुन्याला घट्ट चिकटते, तिला बहुतेक वेळा मरावं लागतं. जिला काहीच नीट ओळखता येत नाही, तीही मरते. शंभरातल्या फार तर पाच बाहेर पडतात. एवढी कडक निवड शरीरात दुसरीकडे क्वचितच होत असेल.

तरी काही निसटतात. म्हणून दुसरा बंदोबस्त लागतो, आणि तो उलट्या वाटेने सापडला. उंदराची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर टी पेशी कमी होऊन प्रतिकार मंदावायला हवा. घडलं भलतंच, शरीर स्वतःवरच उलटलं. शिमोन साकागुची यांनी हा धागा सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं, की काही टी पेशींचं काम हल्ला करण्याचं नसून इतर पेशींना आवरण्याचं असतं. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. २००१ मध्ये मेरी ब्रंकाओ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना एफओएक्सपी३ हे जनुक सापडलं आणि याच पेशी त्याच्यावर अवलंबून असतात हे लवकरच कळलं. ते जनुक बिघडलेल्या मुलांमध्ये अगदी तान्हेपणीच आतडं, कातडी, स्वादुपिंड यांवर हल्ला सुरू होतो. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं.

म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं कोणी मला सांगितलं की मला काळजी वाटते. कोणती वाढवायची? हल्ला करणारी की आवरणारी? लुपस हा ऑटोइम्यून आजार झालेल्या माणसात ती मुळीच दुबळी नसते, ती आवरली जात नसते. लस ही वेगळी गोष्ट. ती एका ठरावीक जंतूची ओळख शिकवते, तिने सरसकट काही वाढत नाही.

आवर सुटला की काय होतं? टाइप १ डायबिटीसमध्ये टी पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. तहान आणि वारंवार लघवी सुरू होते तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. थायरॉइडमध्ये तर दोन उलटे आजार दिसतात. हाशिमोटोच्या आजारात ग्रंथी हळूहळू नष्ट होते. ग्रेव्हजच्या आजारात अँटिबॉडी ग्रंथीचं बटण दाबून धरते आणि ती थांबतच नाही. ग्रेव्हज असलेल्या आईची अँटिबॉडी वारेतून बाळात गेली तर बाळाचाही थायरॉइड जोरात चालू शकतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती अँटिबॉडी संपली की बाळ बरं होतं. दोष अँटिबॉडीचाच, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

ठिणगी कुठून पडते? कधी संसर्गातूनच. घशात स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग होतो, घसा बराही होतो, आणि दोन ते चार आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात. या जंतूची काही प्रथिनं हृदयातल्या प्रथिनांसारखी दिसतात. किल्ली जंतूसाठी निवडलेली, पण लागते घरालाही. म्हणून मुलांच्या अशा घशाला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला होणाऱ्या आजाराबद्दल २०२२ मध्ये मोठा अभ्यास आला. अमेरिकी सैन्यदलातल्या १ कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी त्यात होत्या. एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराची शक्यता ३२ पट वाढलेली दिसली. पण हा विषाणू दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात असतोच, आणि त्यातल्या फारच थोड्यांना तो आजार होतो. म्हणजे एकटा विषाणू पुरत नाही. एकटी जनुकंही पुरत नाहीत. तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला टाइप १ डायबिटीस झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही. स्त्रियांना मात्र यातले बरेच आजार जास्त होतात. लुपसच्या १० रुग्णांत साधारण ९ स्त्रिया असतात.

हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या मावशीची बोटं सकाळी तासभर वळायची नाहीत. 'वयामुळे होतं' हे ऐकण्यात तिची दोन वर्षं गेली, आणि तेवढ्यात बोटांचे सांधे वाकडे झाले. दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल, तर सांधेविकारतज्ज्ञांना लवकर भेटा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांवर उलटणाऱ्या आजारात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. आणि एएनए ही ऑटोइम्यून आजारांसाठीची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरून जाऊ नका. ती पुष्कळ निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते.

औषधांबद्दल दोन गोष्टी जरूर ऐका. स्टेरॉइड बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. आणि या आजारांसाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

१९९० च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी टीएनएफ हे सूज आणणारं एकच रसायन अडवून सांध्यांची सूज उतरवून दाखवली. पण तेच टीएनएफ शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवत असतं. म्हणून हे औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. काट्याची गोष्ट इथे पुन्हा येते, हत्यार एकच असतं.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये लुपसच्या पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. इतर औषधांना दाद न देणारा आजार होता. रुग्णाच्याच टी पेशी काढल्या, बी पेशी ओळखायला शिकवल्या आणि परत शरीरात सोडल्या. त्यांनी रक्तातल्या बी पेशी झाडून काढल्या. आजार शमला, स्टेरॉइडसुद्धा बंद झाली. तीन-चार महिन्यांनी मगजातून नव्या बी पेशी आल्या, मनाला येईल तशा जोडलेल्या नव्या किल्ल्या घेऊन. हकीकत लिहीपर्यंत त्या पाचांपैकी कोणाच्याही शरीरात त्या पुन्हा घरावर उलटल्या नव्हत्या.