तिसरे चक्र

हिंगणघाट तालुक्यातील एका बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये, जिथे हंगामात सरकीचा ढीग आढ्याला टेकायचा, तिथे आज सहा जुनी यंत्रे लाकडी स्टुलांवर ओळीने मांडलेली आहेत. बिडाची जड पेटी, समोर काचेची लहानशी खिडकी आणि उजव्या अंगाला काळ्या मुठीचा दांडा, असे त्यांचे रूप आहे. एका यंत्राच्या फटीत पितळी बिल्ला पडतो, दांडा पूर्ण खाली येतो आणि खिडकीमागची तीन चक्रे फिरू लागतात. पहिले चक्र ‘खट्’ असा आवाज करून थांबते, पाठोपाठ दुसरे थांबते, आणि तिसरे मात्र उगाचच उशीर करत असल्यासारखे वाटते.

नाणे टाकून जुगार खेळण्याच्या या यंत्राला इंग्लंडमध्ये ‘फ्रूट मशीन’ म्हणतात, कारण त्याच्या चक्रांवर फळांची चित्रे असतात. अमेरिकेत त्याला ‘एका हाताचा दरोडेखोर’ असे टोपणनाव पडले. ते दांड्यामुळे पडले आणि रिकाम्या होणाऱ्या खिशांमुळेही पडले.

ही यंत्रे जमवणारे गृहस्थ तीस वर्षे जिनिंगमध्ये फिटर होते. गावात लहानथोर सगळे त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून आमच्या माहितीपटाच्या या निवेदनातही ते काकाजीच आहेत. पहिले यंत्र त्यांना मुंबईच्या चोर बाजारात मिळाले. दुसरे गुजरातमधील अलंगला, भंगारात काढलेल्या जहाजांचे सामान विकणाऱ्या रस्त्याकाठच्या दुकानात सापडले. उरलेली चार भंगार व्यापाऱ्यांकडून एकेक करून आली. ती घेताना त्यांच्या मनात जुगार नव्हता. आतली दातेरी चक्रे आणि खटके पाहून त्यांना आपले जुने काम आठवले, इतकेच.

ती लोकांना पाहायला मांडायची म्हटल्यावर गावाला मात्र जुगारच आठवला, आणि त्यात गावाची चूक नव्हती. विदर्भातील माणसाला जत्रेतली झंडीमुंडी माहीत असते, सट्टापट्टी माहीत असते, पूर्वेकडचा कोंबड्यांच्या झुंजींचा कोंबडबाजारही ऐकून माहीत असतो. तालुक्याच्या ठिकाणी ‘व्हिडिओ गेम पार्लर’ हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुलांचे खेळ कमी आणि पोलिसांची धाड अधिक उभी राहते. दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात, दारूच्या गुत्त्यांमध्ये वाढलेले यंत्र कशाला आणायचे, हा ग्रामसभेतला प्रश्न बिनतोड होता.

कायद्याची बाजूही स्पष्ट होती. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. शेजारच्या गोव्यात अशी यंत्रे चालतात, पण तीही पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर. तेव्हा काकाजींनी वकिलांना विचारून यंत्रांमधून पैसाच काढून टाकला. इथे नाणे चालत नाही, बक्षीस मिळत नाही, बिल्ला विकत मिळत नाही आणि त्याच्या बदल्यात चहाचा कपसुद्धा मिळत नाही. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पाच बिल्ले ठेवले जातात आणि जाताना मोजून परत घेतले जातात.

या यंत्राचा जन्म अमेरिकेतला आहे. १८९१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये पत्त्यांचे एक यंत्र निघाले होते. त्यात पाच नळकांड्यांवर पन्नास पत्ते फिरत, पण जिंकण्याचे प्रकार इतके होते की यंत्राला हिशेब जमत नसे, आणि बक्षीस म्हणून दुकानदारच बिअरचा पेला किंवा सिगार देत असे. सॅन फ्रान्सिस्कोतील चार्ल्स फे या बव्हेरियाहून आलेल्या कारागिराने त्याच दशकात ही अडचण सोडवली. त्याने पाचाऐवजी तीन चक्रे घेतली आणि पत्त्यांऐवजी घोड्याची नाल, घंटा अशी मोजकी चिन्हे ठेवली. चिन्हे कमी झाल्यामुळे कोणती जुळली हे यंत्राला स्वतः ओळखता येऊ लागले आणि नाणी मोजून देताही येऊ लागली.

फळे आली ती पुढे, १९१० च्या सुमारास, आणि ती कायद्याला बगल देण्यासाठी आली. आपले यंत्र जुगाराचे नसून च्युइंगम विकण्याचे आहे, असे भासवण्यासाठी उत्पादकांनी चक्रांवर च्युइंगमच्या स्वादांची फळे रंगवली. चेरी, लिंबू, संत्रे आणि आलुबुखार त्या बहाण्याची आठवण म्हणून आजही फिरत आहेत. आमच्या चित्रीकरणाच्या वेळी त्यातल्या नारिंगी गोळ्याकडे बघून दोन शेतकऱ्यांमध्ये वाद झाला की हे संत्रे आहे की मोसंबी. संत्र्याच्या मुलखात असा प्रश्न हलक्यावारी सुटत नाही, आणि तो सुटलाही नाही.

यंत्राची मागची झडप उघडली की विजेची एकही तार दिसत नाही. दांडा ओढणाऱ्याच्या हाताचा जोर स्प्रिंगमध्ये साठतो आणि त्याच जोरावर सगळे चालते. नाणे पडल्याशिवाय दांड्याची अडकण सुटत नाही. चक्रांना वेग मिळाला की घड्याळासारखी एक यंत्रणा वेळ मोजू लागते, आणि डावीकडून उजवीकडे एकेक खटका चक्राच्या खाचेत पडतो. प्रत्येक चक्राला जोडून भोके पाडलेली एक तबकडी असते. चक्रे थांबल्यावर लोखंडी बोटे त्या भोकांमध्ये शिरू पाहतात. तिन्ही तबकड्यांची योग्य भोके समोर आली तरच बोटे आत जातात, नाण्यांच्या नळीखालची पट्टी सरकते आणि नाणी खाली पडतात. एखादा आंधळा हाताने चाचपून नाणे ओळखतो, तसे हे यंत्र चिन्ह पाहत नाही, भोक चाचपते.

बिल्ल्यांनी मात्र काकाजींना तीन आठवडे छळले. एक यंत्र इंग्लंडच्या जुन्या पेनीवर चालणारे होते, म्हणून त्यांनी लेथवर ३१ मिलिमीटर व्यासाचे पितळी बिल्ले कापले. ते फटीतून आत जायचे आणि अर्ध्या वाटेत अडकायचे. व्यास बरोबर होता, जाडीही बरोबर होती. शेवटी एका दुपारी त्यांनी बिल्ल्याची कड अंगठ्यावरून फिरवली आणि अंगठ्यातून रक्त आले. कापताना कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कंगोरी, राहिली होती. मग दोनशे बिल्ले एकेक करून पॉलिश कागदावर घासले गेले.

भिंतीवर एक मोठा तक्ता लावला आहे. त्यावर एका यंत्राच्या तिन्ही पट्ट्या उलगडून रंगवल्या आहेत, प्रत्येकीवर वीस चित्रे. वीस गुणिले वीस गुणिले वीस म्हणजे ८,००० जुळण्या. या यंत्रावर घंटा पहिल्या चक्रावर पाच, दुसऱ्यावर पाच आणि तिसऱ्यावर एकच आहे. म्हणजे पहिल्या दोन घंटा ८,००० पैकी ५०० वेळा जुळतात आणि तिसरी त्यातल्या २५ वेळाच येते. शिवाय खिडकीतून मधल्या ओळीच्या वरचे आणि खालचे चित्रही दिसते, त्यामुळे हुकलेली घंटा अगदी बोटभर अंतरावर थांबल्यासारखी वाटते. दहावीच्या पुस्तकातला ‘संभाव्यता’ हा धडा शिकलेल्या मुलीने हा हिशेब तक्त्यासमोर उभ्याउभ्या केला. आमच्या मते या शेडमधली सर्वांत मोलाची वस्तू यंत्र नसून हा तक्ता आहे.

दालन उघडले ते तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या दिवशी. सजवलेले लाकडी बैल ओढत मुले घरोघर फिरून आली होती आणि त्यांच्या खिशांत बोजाऱ्याची, म्हणजे घरोघर मिळालेल्या खाऊच्या पैशांची, नाणी खुळखुळत होती. एका मुलाने आल्याआल्या दहाचे नाणे फटीला लावले. काकाजींनी ते काढून त्याच्या खिशात परत टाकले आणि हातावर पितळी बिल्ला ठेवला. मुलाने दांडा ओढला. घंटा आली, दुसरी घंटा आली, तिसऱ्या जागी लिंबू आले.

“काकाजी, थोडक्यात हुकलं नं!”

काकाजी काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला दंडाला धरून तक्त्यासमोर नेले आणि तिसऱ्या पट्टीवरच्या घंटा मोजायला सांगितले. मुलाने वरून खाली बोट फिरवले, मग खालून वर फिरवले.

“एकच आहे जी.”

त्याचा लाकडी बैल दाराशी उभा होता आणि उरलेले चार बिल्ले अजून मुठीत होते. तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.