गाडीचा एसी थंड करेना, म्हणजे कॉम्प्रेसर गेलाच असं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल उजाडला की आमच्या नागपुरात एसीच्या गॅरेजपुढे गाड्या उभ्या राहतात, आणि येणारा बहुतेक जण उतरता उतरताच सांगतो, "एसी थंड करत नाहीये, जरा गॅस मारून द्या." गॅस भरला जातो, गाडी गार होते, मालक खूश होऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. अशी दोन-तीन वर्षं गेली की एक दिवस कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम होतो आणि मोठा खर्च अंगावर येतो. हे टाळता येतं, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढं सोडलं तर गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आणि या गॅससोबतच कॉम्प्रेसरचं तेल फिरतं. कॉम्प्रेसरला इंजिनाचं तेल मिळत नाही. गॅस कमी पडला की तेल नीट परत येत नाही, शिवाय गळतीतून थोडं थोडं बाहेरही जातं. तेल न भरता, गळती न काढता नुसता गॅस भरत राहिलं, तर कॉम्प्रेसर आतून कोरडा पडत जातो.

गळती बऱ्याचदा डोळ्यांना दिसते. नळ्यांच्या जोडावर, कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गॅस गार करणाऱ्या जाळीच्या, कोपऱ्यात किंवा कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाशी धूळ चिकटून काळा, तेलकट डाग पडलेला असतो. इंजिन बंद असताना बोट फिरवून बघा.

आता इंजिन सुरू करून बॉनेट उघडा. ओढणी, सैल बाही, हात, सगळं बेल्टपासून लांब ठेवा. कॉम्प्रेसरची पुली बेल्टबरोबर कायम फिरत असते, पण तिच्या पुढची चकती एसी लावल्यावरच फिरायला लागते. त्या क्षणी "टक्" असा आवाज येतो, तो क्लच. चकती फिरलीच नाही तर लगेच कॉम्प्रेसरला दोष देऊ नका. फ्यूज उडालेला असेल, रिले, म्हणजे क्लचला करंट देणारा स्विच, गेलेला असेल, किंवा गॅस इतका उतरलेला असेल की प्रेशर स्विचच करंट पुढे जाऊ देत नसेल. इंजिन गार असताना क्लच धरतो आणि तासाभराने सोडून देतो, असं होत असेल तर चकती आणि पुलीतली फट झिजून वाढलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांत मधली पातळ शिम, म्हणजे वॉशरसारखी चकती, काढून ती कमी करता येते. हल्लीच्या काही गाड्यांत मात्र हा क्लचच नसतो, तिथे स्कॅनर आणि गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर, लावूनच निदान करावं लागतं.

आवाजाकडे माझं फार लक्ष असतं. एसी बंद असतानाही घरघर येते आणि एसी लावल्यावर ती बदलते किंवा थांबते, तर बहुधा पुलीचं बेअरिंग गेलंय. ते बहुतेक वेळा वेगळं बदलता येतं. एसी लावल्यावरच खडखड होत असेल तर दुखणं आतलं असण्याची शक्यता जास्त.

महामार्गावर मस्त गार आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम, अशी तक्रार असेल तर आधी पुढचा फॅन फिरतोय का बघा, आणि कंडेन्सरमध्ये माती, किडे, कापसाचे धागे अडकलेत का तेही.

खरं उत्तर गेजवर मिळतं. निळी नळी कमी दाबाची, लाल जास्त दाबाची. चाळिशीच्या पुढच्या उन्हात निरोगी गाडीत निळा काटा साधारण ४० ते ५० पीएसआय आणि लाल अडीचशेच्या वर असतो. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. गॅस वजनावर बरोबर भरलाय, रेस दिली, तरी निळा वर आणि लाल खाली, दोघे एकमेकांजवळच राहिले, तर कॉम्प्रेसर दाब बनवत नाही. मग तो बदलायची तयारी ठेवा. क्लच नसलेल्या गाडीत मात्र आधी कॉम्प्रेसरचा कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे तो किती दाब बनवेल हे ठरवणारा व्हॉल्व्ह, तपासून घ्या.

बदलताना एक आग्रह धरा. जुना कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरलेला असतो. नळ्या फ्लश करायला, म्हणजे आतून धुवायला सांगा, गॅसमधला ओलावा शोषणारा रिसीव्हर ड्रायर आणि गॅस बारीक छिद्रातून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा घ्या. आताच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधला कीस धुऊन निघत नाही, तोही बदला. पैसे वाचवायला हे टाळलं तर तोच कीस नव्या कॉम्प्रेसरला खातो. मग नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालू द्या आणि गॅस वजनकाट्यावर, ग्रॅममध्ये भरून घ्या. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन दोन्ही असतं, बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए. सिलिंडरवर तेच नाव आहे ना, बघून घ्या. स्वस्तात म्हणून कुणी स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा गॅस भरत असेल तर सरळ गाडी काढून घ्या, तो गळला तर जिवाशी खेळ आहे.

आणि हिवाळ्यात एसी लागत नाही म्हणून चार-चार महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलात राहतं, सुकून गळत नाही.

नमस्कार.